सुलोचनानं ‘सोड’ कोणाला म्हटलं

गोव्यात पेडण्याजवळच्या पार्स्यात सुलोचना परबचा आवाज आधी पोचतो आणि मग सुलोचना. यात तिचा दोष नाही. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणारा एक कारखाना आहे, तिथं ती बावीस वर्षं मशीनवर उभी आहे. बारा मशीनं एकदम चालू झाली की माणसाला स्वतःची शिंकसुद्धा ऐकू येत नाही. अशा जागी हळू बोलणारी बाई एक तर मुकी होते, नाहीतर सुलोचना होते. एकदा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा बिघडला, तर साहेबानं तो पंधरा दिवस दुरुस्तच केला नाही. साडेबाराला सुलोचना ओरडायची, “जेवाक चला गे!” आणि शेजारच्या कारखान्यातले लोकही डबे उघडायचे.

तिचा नवरा कृष्णनाथ पेडण्याच्या बाजारात पायलट होता. विमानाचा नव्हे, मोटारसायकलवर मागं भाडं बसवून नेणारा. मोपाला विमानतळ झाल्यावर लोक त्याची थट्टा करायचे, आणि तो ती खुशाल करून घ्यायचा. माणूस कष्टाळू, मायाळू, फक्त एक खोड: हातात आलेली वस्तू तो सोडत नसे. टीव्हीचा रिमोट मुठीत धरून झोपायचा. एका बसवाल्याशी त्यानं पुलावर वाद घातला होता, तो दहा वर्षांनी बसवाला निवृत्त झाला तरी कृष्णनाथाकडून चालूच होता. थोरला भाऊ गोकुळदास आणि त्याच्यामध्ये एका माडावरून भांडण होतं. माड बांधावर उभा. अर्धा तुझा की पूर्ण माझा? भुंग्यानं खाऊन त्याचा शेंडा गळाला, नुसतं खोड उरलं, तरी दोघंही भाऊ त्या खोडाकडं वारसाहक्कानं बघत.

दोन वर्षांपूर्वी कृष्णनाथ वारला. पोटाचा आजार होता, चार महिने खाटेवर काढले. सुलोचना रडली, बाराव्याचं जेवण घातलं, आणि तेराव्या दिवशी पहिल्या पाळीला हजर झाली. त्या चार महिन्यांबद्दल ती कुणाशी बोलली नाही, आणि तिला गप्प बघायची सवय नसल्यामुळं कुणाला विचारायचंही सुचलं नाही.

तिच्या काजूच्या बागेत एक मांगर आहे; दगडी भिंती, वर पत्रे. काजूच्या दिवसांत तिथं बोंडं साठवायची, बाकीचं वर्षभर तो उंदरांचा. कारखान्यात मशीनं दुरुस्त करणाऱ्या राजेशनं तो रविवारपुरता मागून घेतला. राजेश घाटावरच्या आजऱ्याचा, तिशीतला. तुयेला एका खोलीत तिघांबरोबर राहायचा, आणि त्या खोलीत गिटार वाजवली की उरलेले तिघं चपला शोधायचे. त्याच्याबरोबर पेडण्याचा सिद्धेश, वायरमन, ड्रम वाजवणारा. त्यांचा गायक साईश होता, पण त्याला वास्कोच्या बंदरात नोकरी लागली आणि तो गेला. बँडचं नाव ‘कडक उंडो’. पोदेराकडचा उंडो, म्हणजे गोल पाव, दोन दिवस ठेवला की दाताची परीक्षा बघतो, तसं आमचं संगीत, असं सिद्धेशचं म्हणणं.

साईश गेल्यावर गाण्याची जबाबदारी राजेशवर आली. पहिल्याच रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, सुलोचना अंगणात मासळी साफ करत असताना मांगरातून जे ऐकू आलं, ते ऐकून ती हात न धुता उठली. स्वयंपाकघरातून कोरड्या भाताचा मोठा गोळा केला, तांब्या घेतला आणि धावत गेली.

“कोणाच्या घशात काटो अडाकलो?” दारातच तिनं विचारलं.

“कुणाच्या न्हाई ओ मावशी,” राजेश माईक बाजूला घेऊन म्हणाला. “गाणं हाय.”

“ह्या गाणां?”

“न्यू मेटल म्हणत्यात. दोन हजार सालाच्या आसपास लई चालायचं. माझ्या थोरल्या भावाकडं सीड्या होत्या. मधी बंद पडलं, आता पोरं परत ऐकाय लागल्यात.”

सुलोचनानं भाताचा गोळा सिद्धेशच्या हातात दिला. त्यानं तो मुकाट्यानं खाल्ला.

“पण तुका राग कोणाचो आयलो?”

“तसा कुणाचा न्हाई.”

“मगे असो बोवाळतंस, आरडतंस कित्याक?”

हा प्रश्न राजेशला अजून कुणी विचारला नव्हता. “आतलं बाहेर काढायचं, मावशी. गिटार खाली उतरवायची, जाड आवाजात. आधी बोलल्यासारखं बोलायचं, आणि मग सहन हुईना झालं की वरडायचं.”

“सहन जायना जाल्यार?” सुलोचना म्हणाली. “तुजा वय काय, तू सहन करतंस काय! बाजूक हो.”

तिनं माईक हातात घेतला, माशाच्या खवल्यांसकट. आणि तोंडावर जे येतं तेच ओरडली: “जेवाक चला गे!”

मांगराचे पत्रे थरथरले. काजूवरचे कावळे उडाले. सिद्धेशच्या हातातली काठी पडली, आणि राजेश म्हणाला, “आयला.”

पुढं त्या दोघांनी तिच्या विनवण्या केल्या असं ते सांगतात. सुलोचना सांगते की विनवण्या करायला वेळच मिळाला नाही. पुढच्या रविवारी ती स्वतःच आली, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं पेन्सिलीनं लिहून घेऊन. मोजून आठ ओळी.

ह्या घर आता तुजा नाय,
सोड!
वाट मोकळी, पाय उचल,
सोड!
मागे वळान बघू नको,
सोड!
आमचा आमी बघतलंव,
सोड!

राजेशनं दोनदा वाचलं. “कुणाला म्हणताय हे, मावशी?”

“तू वाजय,” सुलोचना म्हणाली.

त्यांनी वाजवलं. लांब ओळी ती बोलायची, शेजारणीशी बोलावं तशा, अगदी खालच्या पट्टीत. गिटार खाली घुरघुरत राही. आणि प्रत्येक ‘सोड’ला बावीस वर्षांची बारा मशीनं एकदम चालू होत. सहाव्या खेपेला सिद्धेशनं ते टिपलं, लॅपटॉपवर साफसूफ केलं आणि गुरुवारी इंटरनेटवर टाकलं. शनिवारपर्यंत पेडण्याच्या बसमध्ये कंडक्टर ते वाजवत होता, आणि रिकाम्या सीटवर पिशवी ठेवलेल्या बायकांना हात न लावता जागा मोकळी करून घेत होता.

गाणं एकदा बाहेर पडलं की ते लेकीसारखं. कुठल्या घरात नांदेल, सांगता येत नाही. दारूबंदीवाल्यांनी ते पहिल्यांदा उचललं. त्यांच्या मते मावशी बाटलीशी बोलते आहे. कोरगावच्या एका दारुड्यानं हे ऐकून बाटली सोडली खरी, पण चार दिवसांनी म्हणाला की गाण्यातच सांगितलंय, मागे वळून बघू नको. म्हणून तो पुढच्या दुकानात गेला.

कारखान्यातल्या बायकांचं मत वेगळं. शेजारच्या मशीनवरची रोहिणी म्हणाली, हे नवऱ्याला घराबाहेर काढायचं गाणं आहे, आणि ते फोनची रिंग म्हणून लावून ती दोन दिवस माहेरी जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी नवरा एक किलो इसवण, म्हणजे सुरमई, घेऊन न्यायला आला. “गाणां बरां आसा,” रोहिणी म्हणाली, “पण इसवण ताजी नाय आसली.”

पणजीच्या एका इंग्रजी पेपरात कुणीतरी अर्धं पान लिहिलं. राजेशनं त्याचा अर्थ लावून वाचून दाखवला: कारखान्यात झिजलेल्या शरीरानं भांडवलाच्या पकडीतून सुटण्यासाठी फोडलेली किंकाळी वगैरे. सुलोचना शेवटपर्यंत ऐकत राहिली. “बरां लिवलां,” ती म्हणाली. “कोणाविशीं लिवलां?”

पण खरी कमाल गोकुळदासनं केली. तो देवळाच्या कमिटीचा सेक्रेटरी. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. एका सकाळी अंगणात येऊन उभा राहिला. बसला नाही.

“सुलोचना, आमी घरचीं माणसां. तुका काय सांगूचा आसला तर घरा येवन सांगूचा. साऱ्या गोंयाक कित्याक आयकवतंस?”

“काय आयकयलां मी, भावोजी?”

“माडाचा! ‘सोड, सोड’ म्हणान! बसमध्ये लोक माज्याकडे बघून हांसतत.” त्यानं एक पेन काढलं, परत ठेवलं. “घे. सोडलो माड. जाल्या समाधान?”

आणि तो ताडताड निघून गेला. तीन पिढ्यांचे वकील जे करू शकले नसते ते झालं, आणि सुलोचनाला माडाची आठवणसुद्धा नव्हती. ती बांधावर गेली, त्या खोडाकडं जरा वेळ बघितलं. कृष्णनाथ असता तर आज पेढे वाटले असते, आणि दुसऱ्या दिवशी भावाशी भांडायला दुसरं झाड शोधलं असतं.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग डिचोलीहून गौरवीचा फोन आला.

गौरवी सुलोचनाची एकुलती मुलगी, डिचोलीला प्राथमिक शाळेत शिक्षिका. एका पालकानं तिला गाणं पाठवलं होतं. ती म्हणाली, “आई, ह्या तू बाबाक म्हटलंस मगे?”

सुलोचनानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“त्या दिसा शेजारच्या काकीन माका सांगलेला. आई बाबाक बोवाळत होती, म्हणान. मी विश्वास ठेवूक नाय. मी दुसरो डॉक्टर मेळता काय बघूक धांवत होतंय, आई, दोन पायांत दोन वेगळ्यो चपल्यो, नी तू थंयसर तेका सांगत होतंस, घर तुजा नाय, जा?”

जिच्या आवाजानं दोन कारखाने जेवायला उठतात, ती “गो बाये” इतकंच म्हणाली, आणि पलीकडून फोन बंद झाला. तीन आठवडे गौरवीनं फोन उचलला नाही. मांगरात त्या तीन रविवारी सुलोचना फिरकली नाही. राजेश आणि सिद्धेश आपापसांत वाजवून घरी जात.

मग जयवंत आला. जयवंत हा डिचोली भागातला उगवता पुढारी, म्हणजे अजून निवडून न आलेला. त्यानं ‘आमचो गांव मंच’ नावाचा एक मंच काढला होता. मंचाचा मेळावा होता, रविवारी चार वाजता, डिचोलीतल्या एका सभागृहात. “सुलोचनाताई, तुमी येवन एक गाणां म्हणा. आमच्या मातीचा गाणां, आमच्या मातीत!” सुलोचनाच्या कानाला बाकी काही लागलं नाही. डिचोली एवढंच लागलं. गौरवीचं घर तिथून चालत दहा मिनिटं.

ती येते म्हणाली.

रविवारी सिद्धेशच्या व्हॅनमधून ड्रम, गिटार आणि ती तिघं सभागृहात पोचली, तेव्हा स्टेजवर मागं कापडी फलक लागला होता. मोठ्या लाल अक्षरांत ‘सोड!’ आणि त्याखाली, बाहेरून आलेल्यांसाठी, जरा बारीक: ‘भायल्यांनो, गोंय सोडा.’ खुर्च्यांवर अडीचशे माणूस. चालू भाषणात एक जण घाट्यांनी, म्हणजे घाटावरून आलेल्यांनी, आमच्या नोकऱ्या कशा खाल्ल्या ते सांगत होता.

राजेशनं फलक वाचला. गिटारची पेटी परत बंद केली. “मावशी,” तो म्हणाला, “मी व्हॅनमधी बसतो.”

जयवंत तोपर्यंत आला होता. त्यानंच सांगितलं, “ह्याका जरा पडद्यामागे बसवूया ताई. वाजवूंदे बापडो, वाजयता बरां. फक्त फुडें नाका. लोकांक कळला की हो घाटी, तर तो अर्थूच बदालता.”

“कसलो अर्थ?” सुलोचनानं विचारलं.

“गाण्याचो.”

“गाण्याचो अर्थ तुका कळलो?”

“सगळ्यांक कळलो, ताई.”

“बरां,” सुलोचना म्हणाली. “माका सोडून.” आणि राजेशच्या दंडाला धरून ती त्याला ओढतच स्टेजवर घेऊन गेली, बरोबर मध्ये, माईकच्या शेजारी उभा केला. तेवढ्यात तिला दिसलं: मागच्या दाराशी, निळ्या साडीत, हात बांधून गौरवी उभी होती. फलक रस्त्यावरही लागले होते; आईचा फोटो तिनं बघितला असणार.

सुलोचनानं माईक घेतला. टाळ्या झाल्या. ती गायली नाही.

“माजो घोव चार म्हयने खाटीर आसलो,” ती म्हणाली. “डॉक्टरान सांगलां, आता घरा व्हरा. येवचो तो सांगी, कृष्णनाथा, धरून रव. तेका सांगूची गरजूच नाय आसली. जल्मभर तो धरूनच रवलो. रिमोट सोडलो नाय तेणां, तो जीव कसो सोडतलो?”

पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

“दुखान तोंड वाकडा जाय. बोवाळूक जायना, म्हणान दांत आवळी. एक दिसा सकाळी अकराक पेज घेवन गेलंय. तेचे कान फटफटीच्या आवाजान गेल्ले, म्हणान मोट्यान सांगलां. सोड, म्हटलां. ह्या घर आता तुजा नाय, आमचा आमी बघतलंव, तू जा. शेजाऱ्यांक दिसलां, भांडण लागलां. तेणां दोळे उघडले. नी माका म्हणता, ‘मी केदनाच सोडलां. तूच धरलंस.’ बघतंय तर तेचो हात माज्या मुठीत. इतको घट्ट, तेचीं बोटां पांढरीं जाल्लीं.”

“मगे?” मधल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं. त्याला राहवलं नाही.

“मगे काय. सोडलंय. दनपारां एकाक गेलो.” तिनं पदरानं नाक पुसलं, माईकमधून, मोठ्यानं. “तर सांगूचा ह्या, की ह्या गाणां कोणाक गोंयांतल्यान हाकलूक नाय. हाकलूक माज्या घरात झाडू आसा. जेका जा म्हटलां, तो भायलो नाय, पार्स्याचोच. नी हो राजेश आजऱ्याचो. हो गेलो तर मशीनां कोण दुरुस्त करतलो? जयवंत?”

यावर जे हसू उठलं ते जयवंतला झोंबलं. त्यानं आवाजवाल्याला खूण केली आणि माईक बंद पाडला. सुलोचनाच्या ते लक्षातच आलं नाही. सिद्धेशनं काठ्या आपटल्या. बंद माईकमध्ये तोंड घालून ती गायली, आणि शेवटच्या खुर्चीवरच्या माणसालाही मागं टेकून बसावं लागलं. राजेशची पहिली तार चुकली, नंतर चुकली नाही. पन्नासेक माणसं उठून गेली. बाकीची बसली, काही भीतीनं, पण बरीचशी ऐकायला. तो विचारणारा म्हातारा प्रत्येक ‘सोड’ला मान हलवत होता, कीर्तनात बसल्यासारखा.

सामान व्हॅनमध्ये चढवताना गौरवी पायरीवर आली. आईकडं न बघता तिनं विचारलं, “अकराक सांगलंस. आणि मी एकाक पावलंय.”

“पावलंस. तू येवची म्हणान तो रवलो.”

“माका तेणां वळाखलां?”

“वळाखलां. तू कपाळार हात दवरलंस, तेन्ना तेणां श्वास सोडलो. खाटीर तू रडत होतंस, तुका दिसूक नाय. माका दिसलां.”

गौरवी पायरीवरच बसली. सुलोचनाही बसली. व्हॅनमध्ये राजेश आणि सिद्धेश एक ड्रम पाच वेळा चढवत आणि उतरवत राहिले, कारण दुसरं काय करावं त्यांना सुचेना.

जयवंतनं त्या दिवसाचा व्हिडिओ टाकला नाही. दुसऱ्या कुणीतरी टाकला. त्यानं काय बदललं? फलक अजूनही छापले जातात, त्यावर दुसरी गाणी असतात. राजेशच्या खोलीमालकानं त्याला बोलावून चहा दिला, एवढं नक्की. पेपरवाल्यानं पुन्हा अर्धं पान लिहिलं, की हे गाणं मृत्यूचं आहे, आणि आपण आधीच तसं म्हटलं होतं. गोकुळदासला गाणं माडाविषयी नव्हतं हे कळलं, पण दिलेला शब्द मागं कसा घ्यायचा, म्हणून तो फक्त देवळात दोन दिवस रागानं घंटा वाजवत होता.

आणि आठवड्याभरात पालयेहून एका बाईचा फोन आला. आवाज दबका. “गो सुलोचना, आमची सासू चौऱ्याण्णव वर्सांची. कानान आयकूक येयना. सात म्हयने जाले खाटीर. तू जरा येवन तिच्या कानांत...”

“बाये,” सुलोचना म्हणाली, “मी फकत आमच्या घरच्यांकच सांगतंय. तू स्वतः सांग. पण आदीं तिचो हात कोणाच्या मुठीत आसा तां बघ.”

आता गौरवी महिन्यातून एका रविवारी मांगरात येते. कानात कापूस घालून बसते आणि शिक्षिकेच्या नजरेनं ऐकते. परवा तिनं आईला सांगितलं की तिसरी ओळ, ‘वाट मोकळी, पाय उचल’, तू फार घाईनं म्हणतेस, तिथं जरा थांब. सुलोचना म्हणाली, थांबले तर राग उतरतो. गौरवी म्हणाली, उतरूंदे, तो रागच नाही. राजेश गिटार मांडीवर ठेवून एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत बसला. डिचोलीची बस सुटायची वेळ झाली, तरी तिसऱ्या ओळीचा निकाल लागला नव्हता.